दरमहा शेकडा एक

कुलगुरूंच्या दालनात नकाशा लावलाय.
इथं ग्रंथालय, इथं संगणक विभाग,
इथं स्तूपाच्या आकाराचं कँटीन,
घुमटाचा खर्च वेगळा, जीएसटी वेगळा.
माहितीपत्रकावर त्रिरश्मी डोंगर, कोवळ्या उन्हात,
खाली ओळ : दोन हजार वर्षांनी पुन्हा भरतोय वर्ग.
खरंच भरत होते का वर्ग, मी विचारलं.
जनसंपर्कवाल्यांनी चहा मागवला.

मी लेखा विभागात. माझ्याकडे फक्त आकडे येतात,
आणि ते जुळत नव्हते.
देणगी जाहीर झाली होती,
टाळ्या वाजल्या होत्या,
धनादेश वटायचा होता.

गुरुवारी अर्धी रजा टाकून लेण्यांवर गेले.
पायऱ्या मोजत, सवयच ती,
दोनशेच्या पुढं दम लागला, मोजणं सुटलं.
वर उन्हवणे सर भेटले. पोस्टातून निवृत्त,
ब्राह्मी शिकले घरीच, नातवाच्या पाटीवर.
भिंतीपासून चार बोटं लांब बोट धरून
त्यांनी वाचायला सुरुवात केली.
मला वाटलं प्रार्थना असेल.
निघाली ठेवपावती.

तीन हजार कार्षापण, गोवर्धनातल्या श्रेणींकडं ठेव.
दोन हजार कोष्ट्यांकडं, दरमहा शेकडा एक.
हजार दुसऱ्या कोष्ट्यांकडं, शेकडा पाऊण.
मुद्दल परत मागायचं नाही,
खायचं ते व्याज.

पेट्रोलच्या पावतीमागं मी मांडून पाहिलं :
महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस.
वर्षावासाला राहणारे भिक्खू वीस.
डोई बारा, चीवरासाठी.
बाकी शून्य.
कुणीतरी माझ्यासारखंच
जिभेचं टोक दातात धरून
हा भागाकार दोनदा तपासला असणार.

ज्ञान, परंपरा, विश्वगुरू,
असलं या हिशेबात काही नाही.
पावसाळाभर जो इथं राहील
त्याला अंगावर कापड मिळावं, एवढंच.
आतल्या खोलीत दगडी ओटा, एक माणूस निजेल इतका.
मी बसून पाहिलं. गार होता.
खाली आग्रा रोडला ट्रक,
अंबडच्या कुठल्याशा कारखान्याचा भोंगा.

सोमवारी खिडकीशी चारुता साळी.
येवल्याची. वडील मागावर,
माग शेठचा, रेशीम शेठचं,
मोराची मान तेवढी वडिलांची.
पहिला हप्ता भरायला बारा हजार कमी पडतायत, म्हणाली.
बारा.
मी पेन खाली ठेवलं.

टिपणी लिहिली : घुमट तूर्त स्थगित ठेवावा,
ती रक्कम मुदतठेवीत टाकावी,
मुद्दलास हात लावू नये, व्याजातून शुल्क.
संदर्भ : लेणे, भिंत.
फाईल तीन सह्या फिरून परत आली.
शेरा : चर्चा करावी.

सर सांगत होते,
तो व्यवहार तेव्हा निगमसभेत वाचून दाखवला होता,
फळ्यावर लिहून दप्तरात नोंदवला होता.
सभा उठली, दप्तर गेलं, फळा कुणी चुलीत घातला असेल.
राहिली ती भिंत.

पोरगी अजून बाकावर बसून आहे.
पाळदे शिपाई तिला दोनदा पाणी देऊन आला.
मी तिचा अर्ज पुन्हा उघडलाय.
कोष्ट्यांकडची ती ठेव,
मुद्दल परत मागायचं नाही असं ठरलेलं,
तिचं खातं बंद केल्याची नोंद
मला तरी कुठं दिसली नाही.