बारा

नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की
डॅशबोर्डवरची हजेरीची वही
सरकत सरकत माझ्या मांडीवर यायची.
स्टिअरिंगवर ओव्हाळबाई, वय एकोणसाठ,
ग्रॅच्युइटीतून फी भरलेली, एकरकमी.
थरथर सुरू झाली की क्लच आणखी खोल दाबून म्हणायच्या,
'सॉरी हं मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय.'

नाही हो, गाडी जुनी आहे, मी म्हणायची.
त्यांना ते खरं वाटायचं नाही.
मलाही पुरतं नाहीच.
बावीस वर्षं डाव्या सीटवर बसून,
पायाखाली जादा ब्रेक घेऊन,
मी शिकणाऱ्याच्या पायावरच संशय धरत आलेय.

प्लग बदलले.
घरच्यांनी पेट्रोलपंप बदलायला सांगितला, तोही बदलला.
आयडलचा व्हॉल्व्ह काढून धुतला,
तर दोन दिवस बरी चालली,
पाहुण्यांसमोर मूल शहाणं राहतं तेवढी.

मग गंज पेठेत, दस्तगीरकडे.
'हिला स्कॅनर लागत नाही,' तो म्हणाला,
'ही त्याच्या आधीची. ही दिव्यानं बोलते.'
बॉनेटखालच्या खोक्यात त्याने वायरीचा तुकडा खुपसला,
चावी अर्धी फिरवली,
मीटरमधला पिवळा दिवा लुकलुकला
एकदा.
थांबला.
मग लागोपाठ दोनदा.
मी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढत होते:
एक, दोन. एक, दोन. एक, दोन.

'बारा,' मी म्हणाले. 'बारा म्हणजे काय?'
'काही नाही. सगळं ठीक.'
इंजिन चालू केलं, तर ते
थंडी भरून आल्यासारखं हुडहुडतंय.
दस्तगीर हसला,
'आपल्यात बारा वाजले म्हणजे कारभार आटोपला,
कंपनीत बारा वाजले म्हणजे तब्येत उत्तम!'

पाण्याच्या उष्णतेची तक्रार नव्हती,
थ्रॉटलची नव्हती, हवेच्या दाबाचीही नव्हती.
ज्याला विचारलं त्यानं आपापल्यापुरतं सांगितलं.
जिथे विचारायला कुणी बसवलेलंच नाही
तिथलं कोण सांगणार?

त्याने रेडिओ बंद केला.
शेजारच्या पत्रेवाल्याला हाक मारली,
'चाचा, पाच मिनिटं हातोडा थांबवा.'
पोरालाही पाणी ओतू नको म्हणाला.
आणि मान वाकडी करून उभा राहिला,
भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तसा.
मलाही आलं मग ऐकू,
शिट्टीच्या आधी कुकर करतो तसं
बारीक स्‌स्‌स्‌.

तापलेल्या मॅनिफोल्डमागे हात घालून
त्याने कशावर तरी बोट ठेवलं.
गाडी शांत.
बोट उचललं, थरथर.
पुन्हा ठेवलं, शांत.
'तुम्ही ठेवून बघा,' म्हणाला.
मी ठेवलं. चटका बसला,
पण बोटाच्या पेराला आतली ओढ लागली,
एवढीशी, वासरू चोखतं तशी.

वीतभर रबरी नळी निघाली.
वाकणीत भेग,
उन्हाळ्यात टाचेला पडते तसलीच.
नळी चाळीस रुपये, मजुरी दीडशे,
चहा त्याच्याकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहा, तोच सिग्नल.
वही जागची हलली नाही.
ओव्हाळबाईंनी आधी काट्याकडे पाहिलं, मग चावीकडे,
मग माझ्याकडे.
'बंद पडली का हो?'
'नाही. चालूच आहे.'
त्यांनी हळूच गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला,
ताप उतरलाय का बघतात तसा,
आणि म्हणाल्या, 'सॉरी हं.'

हिरवा लागला. मागून रिक्षानं हॉर्न दिला, मग पीएमटीनं.
मी काही बोलले नाही.
जादा ब्रेकवरचा पाय उचलून
खाली मॅटवर ठेवला.