हजेरीचं बक्षीस

दुकानदार थिबोदो म्हणतो,
बाई, तुमचा छंद जगावेगळा.
लोक बघतात चित्रकाराची सही, पहिली आवृत्ती,
पुठ्ठ्यावरचा न उडालेला वर्ख.
तुम्ही आधी कव्हर उलटून
आतली चिठ्ठी वाचता.

वाचते खरी.
लाल कापडी बांधणीची ही पुस्तकं
शाळांनी वाटली जुलैच्या उन्हात, बँड लावून,
आणि प्रत्येकात डकवली एक चिठ्ठी:
गणित, पहिला क्रमांक. शुद्धलेखन, दुसरा.
भरतकाम. सद्वर्तन. भूगोल, उत्तेजनार्थ.
ती मी जागच्या जागी परत ठेवते.
मला लागते फक्त हजेरी.

थिबोदोला कारण सांगितलं नाही, भाव वाढवेल.
मी जन्मले कोळशाच्या बोटीवर.
वडील जिथे माल उतरवीत तिथली शाळा,
तीन दिवस इथे, आठवडा तिथे,
हजेरीपटाच्या तळाशी माझं नाव
पेन्सिलीने.
शाई कशाला वाया घालवायची?
सातचा पाढा तीन गावांत शिकले,
आठचा कुठेच नाही.

मग लग्न, मग बर्गंडीच्या कालव्यावर
ही दरवाजांची नोकरी:
पाणी चढवायचं, पाणी उतरवायचं,
दुसऱ्यांना पुढे जाऊ द्यायचं.
एकतीस वर्षं. एक खाडा नाही.
विभागाने छत्री दिली.

ओल ही माझी सवत.
म्हणून पुस्तकं माळ्यावर, सासूच्या पाव मळायच्या पेटीत,
तळाशी चुन्याची पुरचुंडी.
छप्पन्न पुस्तकं, छप्पन्न पोरं,
खोकत, लाकडी बुटांत बर्फ घेऊन
रोज गेलेली.

परवा तोनेरच्या बाजारात सत्तावन्नावं मिळालं.
ओनोरीन जाक्मार, हजेरी, अठराशे सत्त्याण्णव.
कडा सोनेरी. अठ्ठेचाळिसाव्या पानापर्यंत पानं सुटी,
पुढे सोन्यानेच पानाला पान चिकटलेलं,
एकदाही न उघडलेलं.
थिबोदो कुजबुजला, हात लावू नका,
अशाला दुप्पट किंमत येते.

अठ्ठेचाळिसाव्या पानावर एक मुलगा
फुग्याच्या टोपलीत चढतोय,
एक पाय अजून गवतात.
ओनोरीन तिथेच का थांबली?
गाय दोहायला हाक आली असेल.
पुस्तक कंटाळवाणं वाटलं असेल (आहेच थोडं).
नाहीतर आईने कपाटात ठेवलं असेल
सणाच्या बशांशेजारी, मळेल म्हणून.
तापाने गेली, असं थिबोदो म्हणाला,
गिऱ्हाइकाला तो तसंच सांगतो.
मला तिला उगाच मारून टाकणं पटत नाही.

रात्री हाडाची सुरी घेतली.
बारीक आवाज झाला,
मार्चमध्ये दरवाजावरचं बर्फ
पहिल्यांदा हलतं तसा.
पातळ कागदाखालून चित्र निघालं: लाल फुगा.
असा लाल मी कधी पाहिला नव्हता,
त्यानेही कधी उजेड पाहिला नव्हता.
निम्मी किंमत गेली. जाऊ दे.
वाचत राहिले, ओळीखाली बोट धरून,
लांब शब्द दोनदा.

एकशे चारावं पान. फुगा समुद्रावर,
पोराला भूक लागलेली, खिशात एकच नासपती,
आणि खाली भोंगा वाजला.
सकाळची पहिली बोट.

पुढच्या टोकाला एक मुलगी उभी होती,
आठ-नऊ वर्षांची, तोंडात दातांचा ब्रश.
दोरी फेकली तिने, नेमकी खुंटावर.
सप्टेंबरचा मंगळवार. शाळेचा वार.
मी काही विचारलं नाही.
मागचे दरवाजे लावले, पाणी सोडलं.

बोट वर यायला सोळा मिनिटं लागतात.
जिना चढून पुस्तक घेऊन आले.