खांब नंबर सत्तावन

खाडीत एकच खांब उभा आहे.
त्यावर लाल रंगात: ५७.
आधीचे छप्पन्न कागदावरच राहिले,
पुढचे किती होते, देव जाणे.

सभेत साहेबांनी फोटो फिरवला होता,
जपानातलं कुठलंसं बेट,
कौलांवरून अलगद निघालेली पांढरी गाडी.
फोटो परत मिळाला तेव्हा त्याला सुकटीचा वास होता.

स्थानकाला नाव कुणाचं,
यावरून बंदरवाडी आणि वरचीवाडी
अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

कालवं आकड्यापर्यंत चढलीत.
माथ्यावर पाणकावळा पंख वाळत घालतो.
सात बुडाला की सुगंधा भाटकर
पाट्या वरच्या पायरीवर ओढते.

यासीन फणसोपकरची होडी तेवढी चालू.
त्याचा धाकटा, इयत्ता चौथी,
नाळीवर उभा राहून, नाक दाबून सांगतो:
‘पुढील स्थानक, जुवा.
दरवाजे डाव्या बाजूला उघडतील.’

आम्ही उजवीकडून उतरतो,
चपला हातात, गुडघाभर चिखलात.

परवा मात्र
पिशवी सावरत मी डावीकडे सरकलो
आणि उभा राहिलो.

यासीन काही बोलला नाही.
त्याने वल्हं थांबवलं.