तीनशे पंच्याऐंशीवा

तीनशे चौऱ्याऐंशी माणसं हवी होती.
आकडा सूत्रातून आला, बाईंनी फळ्यावर सोडवून दाखवला,
आणि मला टॅबलेट देऊन उभं केलं
ताइफच्या मॉलमध्ये, फूड कोर्टाच्या तोंडाशी.

दात सरळ करणारे पारदर्शक अलाइनर
ठाऊक आहेत का? होय. नाही. थोडंफार.
नऊ दिवस मी दाताच्या कण्या केल्या.

गुलाबाचं अत्तर विकणारे अबू सत्ताम म्हणाले,
जे दिसतच नाही ते काम काय करणार, पोरी?
त्यापेक्षा तार बरी.
बापाने पैसे मोजलेत हे चार लोकांना कळतं तरी.

नववीतल्या लमारला सगळं पाठ :
बावीस तास घालायचं, खाताना काढायचं,
डबी कुठल्या दुकानात जांभळी मिळते.
एवढंच कुणी सांगितलं नव्हतं तिला
की तिचे दात मुळात सरळ आहेत.

एक शिक्षिका हसल्या, म्हणजे रमजानात सोय,
दिवसभर काढायची कटकटच नाही.
या उत्तराला फॉर्मात चौकोन नव्हता.

आणि तो मिशारी, चौदा आठवड्यांनी लग्न.
आपल्या हसण्याबद्दल आपण किती समाधानी?
पूर्ण, तो म्हणाला,
तोंडावर हात ठेवून.
आम्हाला शिकवलंय उत्तर नोंदवायचं.
हात नोंदवायचा नाही.

शेवटच्या दिवशी रात्रीची नमाज झाली,
शटरं परत वर गेली,
तेव्हा ट्रे गोळा करणारा इद्रीस जवळ आला.
कसालाचा. सुदान.
रोज विचारतेस, ते हेच ना?
म्हणत त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला.

अकरा होते.
धुतलेले, कोरडे, एकात एक न अडकवता ठेवलेले.
टिशूत गुंडाळतात, ट्रेमध्ये ठेवतात, उठून जातात.
पहिलं सापडलं तेव्हा वाटलं, कुणा म्हातारीची कवळी,
पण इतकी हलकी?
आता टिशू उचलला की बोटांना कळतं.
एकजण रडत आला होता परत,
माझ्या काळ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला त्याने.
मी म्हटलं, तू बस. मी शोधतो.

मग एक उचलून त्याने दिव्यासमोर धरलं.
हिचा वरचा सुळा बाहेर वळलाय, बघ.
गुरुवारी येते. लहान मुलगा असतो बरोबर.
मी ओळखतो तिला.
द्यायला कसा जाऊ? काय म्हणून?

मला सुचलं नाही.

हरवलं तर दात परत जातात का, जुन्या जागी?
जातात, मी म्हटलं. हळूहळू.
तो हसला. पुढच्या दोन दातांत फट,
तीतून हसण्याबरोबर बारीक शीळ निघाली.
आईची आहे, म्हणाला. धाकटीला पण आलीय,
परवा फोनवर दाखवली तिने.

मॉलचे कर्मचारी वगळावेत, असा नियम होता.
शिवाय आकडा दुपारीच भरला होता.
तरी मी नवा फॉर्म उघडला.

माहिती आहे का? होय.
माहितीचा स्रोत :
डॉक्टर, मित्र, जाहिरात, मोबाइल, इतर.
इतर असल्यास लिहा.
लिहिलं : ट्रे.

बाई उद्या ती ओळ खोडतील.
चूक समजतील, बोट घसरलं असेल म्हणतील.
गुरुवार परवा आहे.
डबा मी मागून घेतला नाही,
फक्त एक, सुळा वळलेलं,
स्वच्छ रुमालात बांधून घेतलं.