टॉर्च नीट धर

आधी मी दोष दिला पंपाला.
ग्राझहून नेझा फोनवर म्हणाली, आई, पंपच असणार,
आणि लगेच पुढे, नवीन घे ना आता, एकतीस वर्षं झाली.
मी म्हटलं, तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं आहे ते,
मोठ्यांबद्दल असं बोलू नये.

द्रावेपलीकडे फ्रांत्सेचं दुकान होतं दुरुस्तीचं,
तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात.
म्हणून मीच. प्लग काढला, पंप काढला,
खाली परात, दोन जुने टॉवेल,
तरी ओघळ गेलाच लादीवर,
आणि खालच्या कोरेनबाईंनी काठीने छत ठोकलं.
पंपात सापडलं शर्टाचं बटण, अर्धी केसपिन,
एक टोलारचं नाणं, जे आता कुठेच चालत नाही.
पंप बिचारा निर्दोष.
तो तर रात्रभर गुरगुरत होता,
नसलेलं पाणी उपसत.

टॉर्च, मी म्हणते.
लुद्विक टॉर्च धरतो.
चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस,
उजेड नेहमी लांब समोर पाडतो.
माझे हात तिथे नसतात.
इकडे. इकडेच आहे. माझ्या तोंडावर नाही, पट्ट्यावर.
पट्टा ठीक आहे.
तुला कधीपासून कळायला लागलं पट्ट्यातलं?

मागचा पत्रा उघडला तर आतल्या बाजूला
पेन्सिलीची फुली आणि दोन अक्षरं,
कारखान्यात हे मशीन पुढे सोडताना कुणीतरी केलेली.
एकतीस वर्षं अंधारात, दमटात,
पुसली नव्हती.
तेवढा एकदाच उजेड नेमका पडला.
बघत बसलो दोघं,
दुसऱ्याचं पत्र चुकून उघडल्यासारखे.

मग ती नळी.
करंगळीहून बारीक, काळी,
टाकीच्या पोटातून वर एका चकतीत शिरणारी.
तिच्यात पाणी नसतं, नुसती हवा.
पाणी चढलं की हवा दबते,
चकती टक करते, मशीनला कळतं, भरलं.
उतरलं की पुन्हा टक.
एवढंच त्याचं शहाणपण.
आणि नळीच्या तोंडाशी साबण साचलेला,
करडा, गोठलेल्या चरबीसारखा,
हवा आत कोंडलेली.
टाकी ठणठणीत कोरडी
आणि मशीनला वाटतंय, आपण गळ्यापर्यंत भरलेलो.
मग पिळणार कसं? उपसतच राहणार.

म्हणजे माझ्या बहिणीसारखं, लुद्विक म्हणाला.
मी हसले नाही.
मग हसले.

तारेने खरवडलं, गरम पाणी ओतलं, व्हिनेगर.
फुंकर मारली. वर कुठेतरी टक.
ऐकलंस?
काय?
उजवा कान गेलाय त्याचा, इंजिनापायी.
डावा धरून चकतीपाशी नेला, पुन्हा फुंकलं.
टक.
आता मी, तो म्हणाला,
आणि गरज नसताना पाच वेळा फुंकलं.

सगळं जोडल्यावर एक स्क्रू उरला.
मी तो एप्रनच्या खिशात टाकला.
त्याने पाहिलं. बोलला नाही.

चादरी घातल्या. कोरेनबाईंसाठी न्हाणीघराचं दार लावून घेतलं,
आणि आतच उभे राहिलो, परीक्षेच्या निकालाला थांबल्यासारखे.
पाणी. टक. घुसळण. उपसा. टक.
मग ते फिरू लागलं,
आधी विचार करत,
मग विचार सोडून.

पाय समतल करायचे राहिले होते.

मशीन चालायला लागलं,
लादीवरून वीत वीत,
पायपुसणं ओढत,
दाराशी जाऊन घट्ट टेकलं.
दार आत उघडणारं.
प्लग त्याच्या पलीकडे.
डायलवर अकरा मिनिटं.

टबाच्या काठावर बसलो, गुडघ्याला गुडघा,
भिंती हादरतायत, आरशात आमची डोकी हादरतायत,
खालून काठी.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
लुद्विक प्रवाशाच्या सीटवर.

टॉर्च बंद कर, सेल जातील, मी ओरडले.
त्याला वाटलं, विचारतेय किती वेळ.
टॉर्च काखेत धरून
त्याने बोटं दाखवली.
आठ.