कोमट ग्लास

सावद्याला स्टेशन रोडवर, केळीच्या वखारीला लागून
माझं दुकान. दहा बाय आठ.
एक भिंग, दोन सोल्डरिंग गन, आणि पंखा
जो डावीकडे वळला की तिथेच रुसतो.

डिगंबर नेहेते लॅपटॉप घेऊन आला.
वर केळीच्या चिकाचे काळे डाग,
आत सहा महिने टाळलेलं अपडेट.
'नंतर आठवण करा', 'नंतर आठवण करा',
उधारी मागायला आलेल्याला
उंबऱ्यावरूनच वाटेला लावावं तसं.

'माह्यं काही चोरीले गेलं का?'
'नाही.'
'मंग कायले घाबरवतो रे भो?'

आता याला कसं सांगू,
की तुझ्या यंत्राच्या काळजात, नखाएवढ्या तुकड्यात
नुसती घाई भरलेली आहे.
तो तुझ्या हुकमाची वाट पाहत नाही,
तू काय मागशील ते ताडून
आधीच धावत सुटतो.
अंदाज चुकला, तर केलेलं सगळं टाकून देतो
आणि म्हणतो, मी कुठं काय केलं?

मी समोर बोट दाखवलं. सायबू तडवीची टपरी.
सायबू कुणाला विचारत नाही.
वळणावर बुलेट वाजली, की बिनसाखरेचा.
हमालांची टोळी उतरली, की सात कट, आलं जास्त.
बुलेट न थांबता सरळ फैजपूरकडे गेली
तर चहा मोरीत,
ग्लास तसाच फळीवर.

'पण ग्लास गरम राहतो, डिगूभाऊ.
कुणी नुसतं बाकावर बसलं,
एकेका ग्लासाला बोट लावत गेलं, तर?
बिनसाखरेचा कोमट आहे,
म्हणजे दिल्लीवाला आज येणार होता.
दोन मोठे, शेजारी शेजारी,
म्हणजे तुझा ट्रक भरतोय.
कुणी तोंड उघडलं नाही,
कुणी गल्ल्याला हात लावला नाही.'

नेहेते फळीकडे बघत राहिला.
'परवा तो बोंडे बसेल व्हता तठी.
दीड तास.
चहा नाही पेला त्यानं.'

आणि मग, एकदम:
'तो तुकडाच बदलून टाक ना!'

कसा बदलू? चूक ओतीव आहे.
कच्च्या विटेवर कुणाचं बोट उमटलं,
वीट भट्टीतून निघाली,
आता तो ठसा घासून जात नाही.
सवय तेवढी लावता येते:
इथे थांब. आधी विचार. फळी पुसून घे.
हेच सांगायला आलेलं हे पत्र,
उंबऱ्यावर सहा महिने उभं.

बटण दाबलं.
अकरा टक्के. एकोणीस.
चौतीसला लाइट गेली.
बॅटरी तर केव्हाच मेलेली, इन्व्हर्टरनं कण्हत भार उचलला.
नेहेते दोन्ही हातांनी प्लग धरून उभा,
पिकवणीच्या खोलीचं दार
कुणी मध्येच उघडू नये म्हणून राखण बसतो, तसा.
शंभर झाले तेव्हा
त्याच्या शर्टाची पाठ ओली होती.

दुसऱ्या दिवशी फोन.
'हिशोबाची शीट उघडायले जरा टाइम लागते आता.'
'विचारून करतोय तो.'
पलीकडे वखारीतला गलबला, काट्यावर कुणीतरी ओरडतंय.
'या फोनलेही आलं आहे ते. दाबू?'
'दाब.'

रात्री शटर ओढलं.
सायबू कोळसे विझवत होता, पाठमोरा.
फळीवर एक ग्लास बाकीच्यांपासून दूर,
भिंतीकडे सरकवलेला.
हात गेलाच.
कोमट.

वेळ, साखर, वळणावरचे आवाज,
जरा जुळवलं असतं
तर कळलं असतं, रोज या वेळेला तो कुणाची वाट पाहतो.

बादलीतलं पाणी घेतलं,
ग्लास काठोकाठ भरला
आणि घरी निघालो.