घाटोघाट

वैनगंगा उत्तरेकडून येते,
म्हणून आम्ही उत्तरेकडे निघालो,
पाण्याच्या उलट, डिझेलच्या वासात,
सोसायटीच्या मोटरबोटीतून.
भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या अकरा लाद्या,
एक काटा, एक वही, मी,
आणि सुकाणूवर डोमाजी भानारकर,
जे सकाळपासून तीनच वाक्यं बोलले होते.

पहिलं, "डाव्या अंगाले बस."
दुसरं, "वही भिजन."
तिसरं, खैरटोलीचा घाट लागताना,
"घंटाभर फिर. भोंगा वाजला का ये."

मासळी मोजून झाली की घंटा माझा.
घाटावरून चढ लागतो,
रेतीच्या ट्रॅक्टरांनी खोल केलेली चाकोरी,
मग चक्की, मग कुलूप लावलेलं पोस्ट.
पोस्टाच्या पायरीवर एक पोरगा
शिंगाडे सोलत बसला होता, बोटं काळी.
विचारलं, गावात बघण्यासारखं काय आहे?
त्यानं खूप विचार केला.
एक शिंगाडा अख्खा सोलून होईपर्यंत.
म्हणाला, "इथून तुमची बोट दिसते."

दिसत होती खरी,
काडेपेटीएवढी,
आणि तिच्यात पाठ करून बसलेली गुलाची काडी.

दुसरं बंदर
(मी बंदरच म्हणते.
विदर्भाला समुद्रकिनारा नाही,
हे लिहून सहावीत मला एक गुण मिळाला होता;
तो आता परत करायला हरकत नाही)
दुसरं बंदर पिंपळघाट.
तिथं कोशाचे माग, जेवणवेळेचे गप्प.
एका ओसरीवर सगुणाबाई हेडाऊ
मांडीवर धागा वळत होत्या,
मांडीचा तेवढा भाग गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा.
"कोणत्या गावची वं?"
बोटीवरची, म्हटलं.
त्यांनी मान हलवली,
जणू तिकडेही त्यांची एखादी नणंद दिलेली असावी,
आणि पितळी गडवा पुढं केला.
पाणी पीत असतानाच भोंगा.
धावले. एक चप्पल गाळानं ठेवून घेतली.

मग बराच वेळ नुसतं पाणी.
पाण्यातून वर आलेले वाळके शेंडे,
त्यांवर पाणकावळे, पंख पसरून, वाळत घातल्यासारखे.
वहीत पुढचं नाव होतं सोनटोला बुडीत.
पुढचा रकाना दरवेळी कोरा.

डोमाजींनी इंजिन बंद केलं.
बांबू उचलला, उभा सोडला, टेकवला.
"हा रस्ता."
चार हात पुढं. "हे भगताचं दुकान."
पुढं एकदा खालून टक् असा आवाज आला,
तेव्हा थोडं थांबून, "हौद."
मातीवर बांबू मुका होता,
दगडावर बोलायचा,
आणि डोमाजी त्याचं ऐकून मला सांगायचे.
एवढं बोलणं
मी त्यांच्या तोंडून सात महिन्यांत ऐकलं नव्हतं.

चारी बाजूंना मोकळं पाणी,
तरी बोट एकाएकी डावीकडे वळली,
मग उजवीकडे, मग परत डावीकडे.
मी म्हटलं, सरळ जाऊ की, समोर काहीच नाही.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं,
जसं माणूस अडाण्याकडे बघतो.
"लोकाच्या घरातून जाऊ का?"

मी पाय जवळ ओढून घेतले.
एक चपलेचा, एक अनवाणी.

गल्ली उताराला लागली असावी,
बांबू दरवेळी जरा जास्त बुडत गेला,
मनगटापर्यंत, कोपरापर्यंत,
मग ते ओणवे झाले, खांदा पाण्याला टेकला,
आणि तसेच राहिले.
"काय आहे इथं?" मी विचारलं.
"पुरत नाही."
बांबू वर घेऊन त्यांनी तो आडवा ठेवला,
टोक माझ्या बाजूला.
टोकाला काहीच लागलेलं नव्हतं.

बर्फाच्या उरल्या होत्या साडेतीन लाद्या.
मी वहीत लिहिलं: सोनटोला, मासळी निरंक,
थांबा
इथं मी घंटाभर लिहिलं,
मग डोमाजींना विचारलं किती झाला असेल.
त्यांनी दोरी ओढली, इंजिन खोकललं,
आणि परत निघताना
बोट पहिल्यांदा उजवीकडे वळली,
मग डावीकडे,
मग हौदाला वळसा.